आडपडदा

शरयू कापगतेच्या हाताखालून आजवर अगणित नकाशे गेले होते. भंडारा जिल्ह्यात पाटबंधारे खात्याची उपअभियंता म्हणून तिची अर्धी नोकरी पाट आणि त्यांना फुटणाऱ्या चाऱ्यांचे नकाशे वाचण्यातच गेली होती. पण स्वतःच्या पोटातला नकाशा ती आज पहिल्यांदा पाहत होती, आणि तो पाहताक्षणी तिच्या तोंडून निघालं, "टेलला पाणी पोचून नाही राहिलं."

"काय म्हणालात?" डॉ. मंदाकिनी ठवकर यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पाटाच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल म्हणतो, मॅडम. तिथले लोक कायम आमच्या नावाने ओरडत असतात. आमच्या नकाशावर तो भाग असाच लाल दिसतो."

मंदाकिनीबाई हसल्या. नागपूरच्या वेशीवरच्या वारविज्ञान केंद्राच्या त्या प्रमुख होत्या, आणि रोग्याला अंधारात ठेवून बरं करण्याची त्यांना मनापासून चीड होती. समजणारा रोगी भेटला की त्यांची कळी खुलायची.

प्रयोगशाळेच्या मधोमध एक काळं गोल टेबल होतं आणि त्याच्यावर हवेत भाकरीएवढी एक प्रकाशाची चकती तरंगत होती. शरयूच्या पोटाला एक पट्टा बांधला होता. तिच्या रक्तात रक्ततराफे सोडले होते, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, रक्ताबरोबर वाहत जाणारे मोजक. त्यांच्याकडून येणाऱ्या खबरींवरून वारदर्शक नावाचं यंत्र ती चकती रंगवत होतं. रक्त संथ आणि भरपूर येत असेल तिथे हिरवी, तुटपुंजं असेल तिथे लाल. चकती जवळजवळ सगळी लाल होती. फक्त डावीकडे, वरच्या कोपऱ्यात एक हिरवा तुकडा होता.

शरयूच्या मागे तिचा नवरा हेमराज उभा होता. तो साकोलीच्या शाळेत मराठी शिकवायचा, आणि घाबरला की शब्दांच्या आड लपायचा. "वार म्हणजे दिवस, वार म्हणजे घाव, आणि वार म्हणजे ही, बाळाला पोसणारी," तो चकतीकडे पाहत पुटपुटला. "एका शब्दावर किती ओझं टाकावं माणसांनी!"

"तिसरीला सांभाळू, सर. मग दुसऱ्याची भीती नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि शरयूकडे वळल्या. "आता नीट ऐका. पहिली गोष्ट, ही वार तुमची नाही."

"माझ्या पोटात आहे आणि माझी नाही?"

"बाळाची आहे. बाळाच्याच पेशींची बनते ती. बाळ रुजलं की सगळ्यात आधी काय करतं माहीत आहे? या घरात पाणी कुठून येतं ते शोधतं. गर्भाशयाच्या भिंतीत तुमच्या रक्तवाहिन्यांची शंभरेक तोंडं आहेत. अरुंद, स्प्रिंगसारखी पिळलेली. बाळाच्या काही पेशी त्यांच्यात शिरतात आणि आतून खोदून त्या रुंद करतात. आम्ही त्यांना खोदपेशी म्हणतो. खोदकाम नीट झालं तर रक्त संथ येतं आणि वार पोटभर पिते."

"आणि नाही झालं तर?"

"नळाच्या तोंडावर अंगठा धरून पाहा."

"जोर जास्त, पाणी कमी," शरयू लगेच म्हणाली.

"तेच. वार उपाशी राहते. आणि उपाशी वार गप्प बसत नाही. ती तुमच्या रक्तात रसायनं सोडते. त्या रसायनांनी तुमच्या सगळ्या रक्तवाहिन्या आखडतात आणि दाब चढतो. सगळे म्हणतात, रक्तदाब वाढला म्हणून वार बिघडली. खरं तर आधी वार उपाशी राहिली, म्हणून दाब वाढला. आणि वाढलेला दाब त्या वाहिन्यांना आणखी खराब करतो. चक्र आहे ते. त्यात तुमची मूत्रपिंडं, यकृत, डोळे, मेंदू, सगळं भरडलं जातं."

"मग गोळ्यांनी दाब खाली आणा."

"आणतोय. पण फार खाली आणला तर वारेला मिळतं तेवढंही मिळणार नाही. तुम्ही धरणाचं दार किती लावाल? टेल आधीच कोरडा आहे."

 पुढचं शरयूला माहीत होतं. या दुखण्यावर खात्रीचा उपाय एकच, वार बाहेर काढणं. आणि वार बाहेर काढायची तर बाळही बाहेर काढावं लागणार. सातवा महिना नुकता लागला होता. बाळ पाऊण किलोचं होतं. आत राहिलं तर आईच्या जिवाला धोका, बाहेर आलं तर बाळाच्या. मधले काही आठवडे कुठूनतरी मिळवायचे होते, आणि ते कुठून मिळवायचे हे या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिला हे सगळं आधी एकदा भोगून झालं होतं. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या दवाखान्यात, याच महिन्यात. मुलगा होता. आला तो गेलेलाच आला. "पाहू नको माय, डोळ्यांसमोरून जात नाही मग," असं म्हणून बायांनी तिचं तोंड भिंतीकडे वळवलं, आणि ती वळली. हेमराज त्याला टॉवेलात गुंडाळून गावच्या तलावाच्या पाळीपलीकडे, बांधामागच्या मोहाच्या झाडाखाली ठेवून आला. नाव ठेवलं नाही. घरात कोणी त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आज सकाळी केंद्रात भरती करताना परिचारिकेने "कितवी खेप?" असं विचारलं, तेव्हा सासू गिरजाबाई झटकन म्हणाली होती, "पहिलीच लिव ना बाई. मांगचं कायले काढतेस?" परिचारिकेने अर्थातच दुसरी असं नोंदवलं, आणि पुढे 'हयात मुलं: नाही'. शरयूने ते दोनदा वाचलं.

"हा हिरवा तुकडा काय आहे मग?" तिने आता विचारलं.

"तेच मला कळत नाही." मंदाकिनीबाईंनी बोटाने चकती फिरवली. "खोदपेशींचं काम पाचव्या महिन्यापर्यंत आटोपतं. पुढे त्या खोदत नाहीत. पण हा तुकडा मागच्या आठवड्याच्या तपासणीत याच्या निम्मा होता. तुमच्या आत कोणीतरी अजून खोदतंय."

"कोण?"

"बाळाशिवाय कोण असणार?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांच्यासारख्या हुशार बाईने इतकं चुकीचं उत्तर इतक्या सहज क्वचितच दिलं असेल.

---

डॉ. जावेद काझी पेशीओळख विभाग सांभाळायचे. कामठीचा माणूस, बोलणं गोड, हात त्याहून हलका. त्यांनी रक्ततराफ्यांकरवी त्या हिरव्या कोपऱ्यातून चिमूटभर पेशी आणवल्या आणि दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन स्वतःच शरयूच्या खाटेजवळ आले.

"गर्भपेशी, गर्भसंख्या एक," त्यांनी वाचलं. "म्हणजे मॅडमचं बरोबर. बाळाच्याच आहेत."

"एवढंच सांगते तुमचं यंत्र?" शरयूने विचारलं. "आमचा पाण्याचा मीटर याच्याहून जास्त बोलतो."

"आडपडदा आहे ना ताई. कायद्याचा. मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून आधी फक्त गुणसूत्रांची ती एक जोडी झाकायचे. पण लोक कसे असतात, बाकीच्या माहितीवरून अंदाज काढायला लागले. तेव्हा कायद्याने सरसकट पडदा टाकला. आता यंत्र आतल्या आत सगळं वाचते, पण आम्हाला फक्त तीनच गोष्टी सांगते. पेशी आईच्या की गर्भाच्या, गर्भ किती, आणि आई-बाप जुळत नसतील तर तसं."

"टाकलाच पाहिजे पडदा. माझ्या भावाच्या वर्गात पोरी औषधापुरत्या होत्या," शरयू म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला. संपायला नको होता, पण ते त्या वेळी कोणाच्या लक्षात यावं!

जावेदसरांचा बेत साधा होता. ज्या पेशी अजून खोदत आहेत त्या थोड्या घ्यायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, आणि लाल भागात नेऊन सोडायच्या. त्यांनी याला पेशीपेरणी असं नाव दिलं होतं. जनावरांवर जमली होती, माणसावर परवानगी होती पण संधी मिळाली नव्हती, कारण एवढ्या उशिरापर्यंत खोदणाऱ्या पेशी कोणाकडे सापडल्याच नव्हत्या. वाढवायला आठवडा-दीड आठवडा लागणार होता.

"तेवढा वेळ शरयू काढेल का?" हेमराजने विचारलं.

"रोज पाहू," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ज्या दिवशी हिच्या जिवावर येतंय असं वाटेल, त्या दिवशी मी पेरणीची वाट पाहणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

मग दिवस जायला लागले. गिरजाबाई रोज डबा घेऊन यायची आणि केंद्राच्या जेवणाला नावं ठेवायची. "याले जेवन म्हनते का? पेशंटले मीठ नको, कबूल. पन चवबी नको काय?" शरयू हसायची, आणि हसताना तिच्या सुजलेल्या पापण्या दुखायच्या. पोटातलं बाळ दिवसातून काही वेळा हलायचं. हललं की ती मोठ्याने "हो, ऐकलं" म्हणायची. पहिल्या वेळी ती असं कधी बोलली नव्हती. तेव्हा तिला वाटलं होतं, बोलायला पुढे खूप वेळ आहे.

---

पेरणीच्या आदल्या सकाळी शरयू उठली ती डोकं फुटायला आल्यासारखी. डोळ्यांपुढे चांदण्या नाचत होत्या. दाबाचा आकडा पाहून परिचारिकेने सरळ मंदाकिनीबाईंना बोलावलं. त्या आल्या, सलाइनमधून औषध सुरू केलं, शरयूच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय नको इतक्या जोरात उडाला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात जावेदसर आले. ते पळत आले होते.

"मॅडम, गडबड झाली. पेरणीआधीची जुळणी लावली होती. हिरव्या भागातल्या वाढवलेल्या पेशी आणि लाल भागातल्या वारेच्या पेशी एका बशीत टाकल्या, एकमेकींशी नीट राहतात का ते पाहायला. राहतात. पण यंत्र म्हणते, गर्भसंख्या दोन."

"पोटात एकच आहे."

"तेच तर. माझ्याच विभागात कुठेतरी नमुना बदलला असेल. दुसऱ्या कोणा बाईच्या बाळाच्या पेशी मिसळल्या असतील." त्यांनी पाटी छातीशी घट्ट धरली. "माझं चुकलं असेल, मॅडम."

मंदाकिनीबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "परक्या पेशी आत सोडता येणार नाहीत. पेरणी रद्द." मग त्या खाटेच्या कडेला बसल्या. "शरयू, आज दुपारी बाळाला बाहेर घेऊ. त्याच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं आधीच दिलेली आहेत. आमचा नवजात विभाग चांगला आहे. मी खोटी आशा दाखवणार नाही, पण आशाच नाही असंही नाही."

हेमराज भिंतीला टेकला. त्याला एकही शब्द सुचत नव्हता.

शरयूला मात्र राग आला. भीतीच्या जागी राग येण्याची तिची जुनी खोड होती. खात्यात त्यासाठी ती प्रसिद्ध होती. "थांबा, सर," ती म्हणाली. "पेशी दुसऱ्या बाईच्या असत्या, तर यंत्राने 'आई जुळत नाही' म्हटलं असतं की नाही?"

"म्हटलं असतं."

"म्हटलं का?"

जावेदसरांनी हातातल्या पाटीवर पुन्हा पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "नाही. दोन्ही प्रकारच्या पेशी अर्ध्या तुमच्या आहेत. आणि अर्ध्या हेमराजभाऊंच्या."

"मग मिसळलं कोण?"

"जुळं असेल," मंदाकिनीबाई हळूहळू म्हणाल्या. "कधी कधी सुरुवातीलाच एक विरून जातं. पण पहिल्या सोनोग्राफीपासून पिशवी एकच होती. मी स्वतः पाहिलीय."

शरयूने डोळे मिटून घेतले. चांदण्या मिटलेल्या डोळ्यांतही दिसत होत्या. "पाटात आम्ही सोडलेल्यापेक्षा जास्त पाणी सापडतं कधी कधी," ती म्हणाली. "नवा माणूस मोजमाप चुकलं म्हणतो. पण बहुतेक वेळा खाली एखादा जुना झरा असतो. बुजला असं सगळे समजून चालतात आणि तो वाहत असतो." ती थांबली. पुढचं वाक्य तिला तीन वर्षांत कोणासमोर म्हणता आलं नव्हतं. "मॅडम, तुमचं यंत्र गेलेल्यांनाही मोजते का?"

 

मंदाकिनीबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. "दरवर्षी शिकवते मी हे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दरवर्षी. आणि माझ्या डोक्यात नाही आलं!"

"काय ते?" हेमराज म्हणाला. "आम्हाला कळेल असं सांगा."

"सर, बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात येतात. बाळ जन्मलं तरी त्या जात नाहीत. हाडांच्या मगजात, यकृतात, हृदयात घर करून राहतात. कित्येक वर्षं. म्हाताऱ्या बायांच्या अंगात त्यांच्या चाळीशीतल्या लेकरांच्या पेशी सापडल्या आहेत. बाळ जगलं की गेलं, याच्याशी त्या पेशींना काही देणंघेणं नसतं." त्या शरयूकडे वळल्या. "त्या तिथे काय करतात हे मात्र कोणाला नीट कळलेलं नाही. यंत्राने गर्भपेशी म्हटलं, आम्ही समजलो या बाळाच्या. कोणत्या बाळाच्या, हे विचारायचं सुचलंच नाही."

"पडदा नसता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं," जावेदसर म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "पण मॅडम, पडदा पोटातल्या गर्भासाठी आहे. जो जन्माला येऊन गेला, त्याला कायद्याने पडदा नाही! पडद्याच्या कायद्याची समिती आहे, तिला फोन लावतो. आणि तेव्हाच्या दवाखान्यात त्या वेळच्या वारेचा तुकडा तपासणीसाठी मेणात जपून ठेवलेला असेल. ठेवतातच."

"दुपारपर्यंत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्याहून जास्त मी थांबणार नाही."

जावेदसर आले तसेच पळत गेले.

---

ती दुपार शरयूला जन्मभर आठवणार होती. हेमराज तिचा हात धरून बसला होता. गिरजाबाईला काय झालं ते कोणी नीट सांगितलं नव्हतं, तरी ती सगळं समजून कोपऱ्यात गप्प बसली होती, आणि गिरजाबाईचं गप्प बसणं सगळ्यांना दाबाच्या आकड्यापेक्षा जास्त घाबरवत होतं. औषधाने आकडा जरा खाली आला होता. जरासाच.

जावेदसर दारात दिसले. त्यांनी काही सांगण्याआधीच ते रडत असल्याचं शरयूला दिसलं.

"तोच आहे, ताई," ते म्हणाले. "मेणातला तुकडा आणि हिरव्या कोपऱ्यातल्या पेशी, अगदी एकच. तुमचा मुलगा आहे."

हेमराजने तोंडावर हात दाबून धरला. मग त्याला आवरलं नाही. तीन वर्षांपूर्वी टॉवेल घेऊन तलावाकडे जाताना तो रडला नव्हता, आल्यावरही रडला नव्हता. ते सगळं आता आलं. शरयू कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिली. तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता, आणि तो फार वाईट होता.

"मॅडम, त्याला आता खोदता येतं, तर तेव्हा का नाही आलं? स्वतःसाठी का नाही खोदलं त्याने?"

जावेदसरांच्या मागून आलेल्या मंदाकिनीबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "त्याने खोदायला घेतलं होतं. पण गर्भाशयात पहारेकरी पेशी असतात. आत येणारा ओळखीचा की परका, हे त्या ठरवतात. बाळ अर्धं बापाचं असतं. पहिल्या खेपेला पहाऱ्याला ती अर्धी ओळख पटत नाही. मग पहारेकरी पेशी खोदपेशींना लवकर थांबवतात. म्हणून तर हे दुखणं पहिल्या खेपेला जास्त दिसतं."

"म्हणजे मीच अडवलं त्याला."

"तुम्ही नाही. आणि तुमच्या पहाऱ्यानेही वैरी म्हणून नाही अडवलं. ओळख नव्हती, एवढंच. ओळख व्हायला वेळ लागतो आणि त्याला तेवढा वेळ मिळाला नाही." त्यांनी शरयूच्या कपाळावर हात ठेवला. "पण नंतर तो तीन वर्षं तुमच्यात राहिला. आता तुमचा पहारा त्याला चांगलं ओळखतो. दुसऱ्या बाळाच्या वारेने भुकेचा संदेश सोडला, तो तुमच्या रक्तात सगळीकडे गेला, आणि तुमच्या हाडांत बसलेल्या त्याच्या पेशींनी तो ऐकला. हे बाळ त्याच्यापेक्षा नवखं आहे, बापाकडून वेगळाच अर्धा वाटा घेऊन आलंय, याची ओळख अजून पुरती पटलेली नाही, म्हणून बाकी सगळं लाल आहे. जिथे तो पोचला तिथे त्याला कोणी अडवलं नाही. शरयू, तुमच्या पोटात जो कोपरा हिरवा आहे, तो त्याने खोदलाय."

शरयू तेव्हा रडली. पोट धरून, मोठ्याने, कोणाची लाज न बाळगता रडली. ते रडणं दुःखाचंच होतं असं म्हणता येणार नाही.

ती जरा शांत झाल्यावर मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पेशी परक्या नाहीत, तेव्हा पेरणी करता येईल. पण असं याआधी कोणी केलेलं नाही. संमती तुमच्या दोघांची लागेल. त्याच्या वतीनेही तुम्हीच द्यायची."

"त्याची संमती कशाला विचारता?" शरयू नाक पुसत म्हणाली. "त्याने तर कोणाला न विचारताच सुरुवात केली."

---

पेरणी फार नाट्यमय नव्हती. बारीक नळीतून चमचाभर दुधाळ द्रव आत गेला, बस. पहिला दिवस काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा चढला, आणि मंदाकिनीबाई शस्त्रक्रियेच्या खोलीला तयार राहायला सांगून आल्या. तिसऱ्या दिवशी चकतीवर लाल रंगाच्या मधोमध एक पोपटी ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. शरयूला ते ओळखीचं वाटलं. पाटाला उन्हाळी पाळीचं, म्हणजे ठरल्या वाटणीचं पाणी सुटलं की आधी एक चारी भरते, मग तिच्यापुढची, आणि टेलची माणसं हातात फावडी घेऊन वाट पाहत उभी असतात.

आठवडाभरात चकती निम्मी हिरवी झाली. वारेची भूक भागत चालली तशी तिची रसायनं कमी झाली, आणि दाब औषधांच्या मुठीत राहायला लागला. लघवीतून जाणारी प्रथिनं घटली, पापण्यांची सूज उतरली. बाळ जोराने लाथा मारायला लागलं. शरयू आता "हो, ऐकलं" म्हणताना आवाज जरा चढवायची; ऐकणारे दोघं आहेत, असं तिने ठरवून टाकलं होतं.

नववा महिना लागला तेव्हा मंदाकिनीबाईंनी स्वतःहून दिवस ठरवला. बाळ आलं ते खणखणीत रडत. परिचारिकेने उचलून दाखवलं. "मुलगी!"

"उघडला एकदाचा आडपडदा," हेमराज म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याला शब्द सुचला होता.

पोरींना वाचवायला टाकलेल्या पडद्याआड एक भाऊ आपल्या बहिणीसाठी खोदत बसला होता, हे मंदाकिनीबाईंच्या मनात आलं. पण त्या बोलल्या नाहीत, कारण शरयू काहीतरी मागत होती.

"वार पडली का, मॅडम?"

"पडली. सगळी आली."

"मला पाहायची आहे."

परिचारिका घुटमळली. गिरजाबाई दारातून पुढे आली, आणि शरयूला वाटलं, आता ही म्हणणार, पाहू नको. पण गिरजाबाईने परिचारिकेच्या हातातली थाळी स्वतः घेतली आणि सुनेपुढे धरली.

"पाह्य माय," ती म्हणाली. "तवा पाहू नाही देल्लं तुले. आता पाह्य पोटभर."

वार गडद लाल, ओली, अजून कोमट होती. मंदाकिनीबाईंनी डाव्या बाजूचा वरचा, सगळ्यात आधी हिरवा झालेला कोपरा दाखवला, जिथे आईच्या अस्तराचा पातळ थर तिच्याबरोबर सुटून आला होता. शरयूने त्यावर दोन बोटं ठेवली. एका काखेत मुलगी होती. शरयू बराच वेळ तशीच राहिली, आणि कोणी तिला घाई केली नाही.

त्या थराचा चिमूटभर तुकडा जावेदसरांनी मेणात ठेवला. बाकीची वार हेमराज साकोलीला घेऊन गेला आणि तलावाच्या पाळीपलीकडे, मोहाच्या झाडाखाली पुरून आला. यावेळी शरयूही त्याच्याबरोबर होती.

---

मुलगी बसायला लागली तेव्हा शरयू तपासणीसाठी पुन्हा नागपूरला आली. केंद्रात आता गर्दी असायची. पहिली खेप गमावलेल्या बाया लांबलांबून यायच्या, आणि जावेदसर त्यांच्या रक्तात जुन्या खोदणाऱ्यांना शोधायचे. सगळ्यांकडे सापडत नव्हते, पण पुष्कळांकडे सापडत होते. त्यासाठी यंत्राची नजर पूर्वीपेक्षा बारीक केली होती, म्हणजे रक्तातल्या चार-दोन पेशीही त्याला दिसाव्यात.

रक्त घ्यायला आलेली परिचारिका नवीन होती. तिने शरयूच्या रक्ताचा थेंब यंत्रात सोडला, आलेला आकडा पाहिला आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला पुन्हा दिवस गेलेत का?"

"नाही ना."

"मग हे काय? यंत्र गर्भसंख्या दोन दाखवतंय. बिघडलं वाटतं. मी परत लावते."

नातीला कडेवर घेऊन बसलेल्या गिरजाबाईने मान वर केली.

"बिगडलं नाही बाई, बराबर सांगून रायलं," ती म्हणाली. "दोन लेकरं आहेत तिले. मोठा पोरगा आन् ही धाकटी."